मैफलीच्या जुन्या चित्रणाला रंग द्यावा का? सांगलीतील एका सेवेचे परीक्षण

जुन्या फिल्म, स्पूल टेप आणि व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या सांगलीतील एका स्टुडिओकडे मिरजेच्या आमच्या संगीत मंडळाने आपल्या संग्रहातील एक रीळ सोपवले होते. रीळ १९६० च्या दशकातले, १६ मिलिमीटरचे आणि कृष्णधवल असून, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा भरते, तीतील एका गायनाचे ते चित्रण आहे. स्टुडिओची सेवा स्कॅनिंग, स्वच्छता आणि रंग अशा तीन टप्प्यांत मिळते. यांपैकी स्कॅनिंग मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन, स्वच्छता स्पष्ट सूचना देऊनच करून घ्यावी, आणि रंग मात्र मैफलीच्या चित्रणाला देऊ नये, असे माझे मत झाले आहे. स्टुडिओचे नाव येथे देत नाही, कारण रंगाबाबतचा आक्षेप तिथल्या माणसांच्या कौशल्यावर नसून, हल्ली सर्रास विकल्या जाणाऱ्या या प्रक्रियेवर आहे.

स्कॅनिंगचे काम उत्तम झाले. १६ मिलिमीटरच्या १०० फुटी रिळात सुमारे ४००० फ्रेम असतात आणि सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने ते पावणेतीन मिनिटांत संपते. त्या काळचे हौशी कॅमेरे चावीचे असत, त्यामुळे एकेक तुकडा फार तर अर्ध्या मिनिटाचा. एवढ्या तुटपुंज्या ऐवजातली प्रत्येक फ्रेम मोलाची असते. काही ठिकाणी अजूनही प्रोजेक्टरने पडद्यावर चित्र पाडून समोरून मोबाइलने टिपून देतात. या स्टुडिओने तसे न करता प्रत्येक फ्रेमचे स्वतंत्र छायाचित्र घेतले, फाटलेल्या छिद्रांच्या जागी फिल्म हाताने सांधली, आणि मूळ स्कॅन आमच्या हार्ड डिस्कवर कोणताही बदल न करता वेगळा दिला. स्कॅन मोठा करून पाहताना तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला, तारेला गुंजन आणणारा जवारीचा दोरा दिसला. मंडळाच्या जुन्या प्रोजेक्टरवर हे चित्रण पाहणाऱ्यांपैकी कोणालाही तो आजवर दिसला नव्हता.

ध्वनीच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. आमच्या चित्रणाचा आवाज फिल्मवर नसून वेगळ्या स्पूल टेपवर आहे, आणि टेपच्या खोक्यावर पेन्सिलीने ‘काळी एक’ अशी पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरावर गायकाचा षड्ज आहे ते, लिहून ठेवलेली आहे. स्टुडिओने दिलेल्या पहिल्या प्रतीत षड्ज जवळजवळ पुढच्याच सुराला, पांढरी दोनला, जाऊन भिडला होता. कारण साधे होते: सेकंदाला २४ फ्रेमचे चित्रण २५ फ्रेमच्या व्हिडिओत बसवताना वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढला आणि आवाजही त्याच प्रमाणात पळवला गेला. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्याने काळी एक आणि पांढरी दोन यांमधले जवळपास सत्तर टक्के अंतर कापले जाते, आणि गायकाच्या आवाजाचे वजनच बदलते. तक्रार केल्यावर स्टुडिओने जादा पैसे न घेता ही चूक दुरुस्त केली, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे. ज्या गावात खाँसाहेबांनी आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे काढली आणि जिथे तानपुरा घडवण्याच्या आणि लावण्याच्या कलेवर घराणीच्या घराणी जगली, तिथल्या मैफलीचा स्वर सरकलेला चालत नाही.

स्वच्छतेच्या टप्प्यात ओरखडे आणि धूळ काढली, ते योग्यच झाले. पण त्याच सॉफ्टवेअरने फिल्मचे कणही, म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी चित्र बनते तेही, पुसले, आणि कणांबरोबर तानपुऱ्याच्या तारा गेल्या. बारीक, उजळ आणि किंचित थरथरणारी रेघ ही संगणकाच्या लेखी ओरखडाच ठरते. शिवाय चित्र ‘गुळगुळीत’ व्हावे म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये कल्पनेने नवी फ्रेम घालण्याची सोय आहे. तबलजीने जलद बोल वाजवताना या नव्या फ्रेममध्ये त्याची बोटे शाईवर, म्हणजे तबल्याच्या काळ्या वर्तुळावर, वितळल्यासारखी दिसतात. कोणते बोट काठाच्या किनारीवर पडले आणि कोणते किनार व शाई यांमधल्या लवेवर, हे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून काहीच कळणार नाही. ही सोय बंद ठेवायला सांगावे.

आता रंगाविषयी. रंगकामाचा दर स्कॅनिंगपेक्षा बराच जास्त आहे, आणि दाखवण्यासाठी स्टुडिओने एक तुकडा विनामूल्य रंगवून दिला. प्रथमदर्शनी तो मोहक वाटतो, हे मान्य करायलाच हवे. पण त्या रंगाचा उगम कोठे आहे, हे समजून घेतले पाहिजे. कृष्णधवल फिल्मवर प्रकाशाची फक्त तीव्रता नोंदली जाते. अशा फिल्मवर विशिष्ट लाल आणि विशिष्ट हिरवा यांची राखाडी छटा एकच येऊ शकते, आणि एकदा ती तशी उमटली की मूळ रंग त्या छटेतून पुन्हा काढता येत नाही. सॉफ्टवेअर तो काढतही नाही. लक्षावधी रंगीत छायाचित्रे रंगहीन करून आणि दोन्ही रूपे शेजारी ठेवून त्याला शिकवलेले असते, आणि अशा आकाराला, अशा छटेला बहुतेक वेळा कोणता रंग असतो, याचा ते अंदाज बांधते. जिथे खात्री नसते तिथे ते सर्व शक्यतांची सरासरी काढते, आणि ती सरासरी बहुतेकदा मातकट तपकिरी असते.

आमच्या तुकड्यात याचा पडताळा लगेच येतो. गायकामागे तानपुऱ्यावर बसलेल्या बाईंनी इरकल नेसलेले आहे. पदरावरची पांढरी टोपांची नक्षी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसते. इरकलच्या या पारंपरिक पदराचा रंग लाल, हे सांगली-मिरजेकडच्या कोणत्याही घरातली बाई राखाडी चित्र पाहूनही सांगेल. सॉफ्टवेअरने तो मातकट केला. तानपुऱ्याच्या भोपळ्याला आणि तो धरणाऱ्या हाताला एकच रंग दिला, त्यामुळे हात कुठे संपतो आणि भोपळा कुठे सुरू होतो, हे कृष्णधवल चित्रात जितके स्पष्ट होते तितकेही राहिले नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या कारागिरांच्या पॉलिशची छटा कशी होती, हा येथे अभ्यासाचा विषय आहे. असे रंगवलेले चित्रण उद्या कोणी पुरावा म्हणून समोर ठेवले, तर ते सरळसरळ खोटे ठरेल.

गायकाच्या शालीचे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते. त्या सभेला हजर असलेल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांना शाल डाळिंबी होती असे आठवते, तर दुसऱ्या एक बाई ती मोरपंखी असल्याचे तितक्याच ठामपणे सांगतात. फिल्म या दोघांपैकी कोणालाही खोटे पाडत नाही. रंगीत तुकड्यात मात्र शाल निळी आहे, आणि पेटीवाल्याचा हात तिच्यासमोरून गेला की काही क्षण ती जांभळट होते. दोन माणसांच्या प्रामाणिक स्मृती एकमेकींशेजारी नोंदवून ठेवता येतात. निळा रंग एकदा नजरेत बसला की दोन्ही पुसल्या जातात. तो तुकडा पाहिल्यानंतर त्या ज्येष्ठ सदस्यांनीच ‘निळीच असेल बहुधा’ असे म्हटले, तेव्हा मला या प्रक्रियेतला खरा धोका कळला.

रंगाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तरुण मुले कृष्णधवल चित्रण पाहत नाहीत, रंग आला की थांबतात, आणि थांबली तर गाणे कानावर पडते. ‘मुघल-ए-आझम’ हा १९६० चा चित्रपट २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन प्रदर्शित झाला तेव्हाही नवा प्रेक्षक मिळावा हाच हेतू होता. पण त्या चित्रपटाचा काही भाग मुळातच रंगीत चित्रित झालेला होता, म्हणजे रंगवणाऱ्यांसमोर खरा नमुना होता. आणि चित्रपटातला पोशाख हा अखेर कोणीतरी योजलेला देखावा असतो. मैफल ही घडलेली गोष्ट आहे. तिच्यात कोण काय नेसून बसले होते, हे कोणी योजलेले नव्हते, म्हणून ते नंतर कोणाला योजताही येऊ नये. आमच्या मंडळातल्या विद्यार्थ्यांना आम्ही स्वच्छ, योग्य वेगाचा आणि योग्य पट्टीचा कृष्णधवल स्कॅन मोठ्या पडद्यावर दाखवला, तेव्हा ती मुले हलली नाहीत. आजवर त्यांना जे कंटाळवाणे वाटत होते, ते बहुधा अंधुक, पळते आणि बेसूर झालेल्या प्रतींमुळे असावे.

हा प्रश्न एका रिळापुरता नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले, म्हणजे मराठी संगीताचे जवळपास दशकभराचे दूरचित्रवाणी चित्रण मुळात कृष्णधवलच आहे. त्याचे तुकडे रंगवून इंटरनेटवर टाकण्याची हौस वाढत चालली आहे, आणि त्यांवर ‘हा रंग संगणकाचा आहे’ अशी सूचना क्वचितच असते. कोणाला रंग हवाच असेल, तर रंगीत प्रतीच्या प्रत्येक फ्रेमवर तशी न पुसणारी सूचना असावी आणि मूळ कृष्णधवल प्रत तिच्यासोबतच द्यावी, एवढे तरी मंडळांनी आणि कुटुंबांनी स्टुडिओकडून लेखी घ्यावे. आमच्या स्टुडिओने हे करायला लगेच होकार दिला.

रीळ देताना मी पुढील सूचना लिहून द्यायला सांगेन: मूळ स्कॅन हवा, फ्रेमचा मूळ वेग तसाच राहावा, कण काढू नयेत, मधल्या फ्रेम बनवू नयेत आणि टेपची पट्टी तानपुऱ्याशी ताडून पाहावी. कपाटातल्या इतर डब्यांची झाकणेही त्याच दिवशी उघडून पाहावीत. व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला असेल, तर ॲसिटेटची ती फिल्म सडू लागली आहे आणि तिला थांबायला वेळ नाही. आमच्याकडे असे आणखी डबे निघाले. एका रिळाच्या रंगकामासाठी मागितलेल्या रकमेत त्यांपैकी एकापेक्षा जास्त रिळे स्कॅन होतात, म्हणून रंगाचे काम नाकारून मंडळाने ती रिळे याच स्टुडिओकडे स्कॅनिंगसाठी दिली आहेत.