वाळूजचा चार फुटी स्टीपलचेस बॅरियर: मुलींच्या सरावाला कितपत चालतो?

महिलांच्या 400 मीटर अडथळा शर्यतीत हर्डलची उंची 762 मिलिमीटर असते. महिलांच्या 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे न पडणारे जड लाकडी अडथळे (बॅरियर) आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, बॅरियरची उंचीही तेवढीच. त्यामुळे शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर पडलेली हर्डल्स उचलायची आणि त्यावरच मुलींना स्टीपलचेस शिकवायचं, हा सोपा मार्ग निघतो. पण मोजपट्टी सारखी असली तरी वस्तू वेगळी आहे. हर्डलला पाय लागला की हर्डल पडतं. स्पर्धेचा बॅरियर 80 ते 100 किलोचा असतो आणि त्याला पाय लागला की पडते ती मुलगी. शिवाय हर्डलवर पाय ठेवून पुढे झेपावता येत नाही, आणि पाण्याच्या उडीत बहुतेक जणी नेमकं तेच करतात. हर्डलवर तयार झालेली मुलगी सिंथेटिक ट्रॅकवर पहिल्यांदा खरा बॅरियर बघते तेव्हा तिची शेवटची चार पावलं आखडतात.

म्हणून हा परीक्षणाचा विषय: छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत गेट, जाळ्या आणि शेड बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ऑर्डर देऊन करून घेतला जाणारा सराव-बॅरियर. रुंदी चार फूट, म्हणजे 1.22 मीटर. स्पर्धेतला किमान 3.94 मीटर रुंद असतो, कारण त्यावरून घोळका जातो. सरावात एका वेळी एक किंवा फार तर दोघी, म्हणून चार फूट पुरतात. मेरठ-जालंधरहून तयार मालही मागवता येतो, पण मोडल्यावर दुरुस्तीला तो तिकडे पाठवणार कोण? इथला बॅरियर बीडच्या आष्टीत मोडला तर आष्टीतलाच वेल्डर जोडून देतो.

सांगाडा 50 बाय 50 बाय 3 मिमीच्या चौकोनी पाइपचा. पाया म्हणून 1.3 मीटरचे दोन पाय, ते जोडणारा 1.1 मीटरचा आडवा, आणि जमिनीपासून 500 मिमीपर्यंत येणारे दोन उभे खांब. त्यांच्या आत 40 बाय 40 चा 500 मिमी लांबीचा पाइप सरकतो आणि त्याच्या डोक्यावर लाकडी तुळई बसते. तुळईचा छेद 127 बाय 127 मिमी, म्हणजे वखारीच्या भाषेत पाच बाय पाच. हे माप नियमातलंच आहे, त्यात तडजोड नको. चार इंची तुळईवर पाय ठेवायला शिकलेला पाय पाच इंचीवर नको तिथे पडतो.

आतला पाइप भोकात पिन घालून दोन जागी अडकतो: मुलींसाठी 762, मुलांसाठी 914. दोन भोकांमधलं अंतर 152 मिमी. भोकं दोनच पाडून घ्यावीत. 'पुढे उपयोगी पडतील' म्हणून वेल्डर पाच भोकं पाडायला तयार असतो. मग एक बाजू एका भोकात, दुसरी भलत्याच भोकात बसते आणि बॅरियर तिरका उभा राहतो. पहाटेच्या अंधारात ते लक्षातही येत नाही.

या डिझाइनमधला सगळ्यात मोठा दोष इथेच आहे. 3 मिमी जाडीच्या 50 च्या पाइपची आतली मोकळी जागा 44 मिमी, त्यात 40 चा पाइप. म्हणजे 4 मिमी ढिला. खाली 4 मिमी वाटतो क्षुल्लक, पण वर तुळईपाशी तोच सेंटिमीटरभर होतो. पाय टेकला की तुळई कुरकुरते, डुलते. मुलगी दुसऱ्या फेरीपासून त्यावर पाय टाकायला कचरते आणि प्रत्येक बॅरियर पाय न टेकता वरूनच मारू लागते. उपाय स्वस्त आहे. आतल्या पाइपच्या दोन लगतच्या बाजूंना 2 मिमीची पट्टी वेल्ड करायची आणि बाहेरच्या खांबाला नट वेल्ड करून त्यात 12 मिमीचा बोल्ट कसायचा. पट्टीने निम्मा ढिलेपणा जातो, उरलेला बोल्ट दाबून धरतो. ऑर्डर देतानाच हे कागदावर लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं वर्कशॉपमध्ये चहाबरोबर विरघळतं.

दुसरा दोष वेल्डिंगचा. उभा खांब आणि खालचा पाय यांच्या सांध्यावर सगळा धक्का येतो. तिथे चारी बाजूंनी सलग वेल्ड हवा आणि दोन्ही बाजूंना 6 मिमी प्लेटचे त्रिकोण. नुसते टाके मारून वर रंग फासलेला सांधा आधी केसासारखी चीर दाखवतो आणि मग एक दिवस उघडतो. माल ताब्यात घेताना रंग लावलेला घेऊच नये. रेडऑक्साइडच्या आधी सांधे बघावेत, रंग नंतर.

तिसरा दोष हा लबाडीच म्हणायची: 3 मिमी सांगून 2 मिमीचा पाइप. डोळ्यांना कळत नाही, वजनकाट्याला कळतं. वरच्या मापांनी नुसता लोखंडी सांगाडा साधारण 26 किलो भरला पाहिजे. पाइप 2 मिमीचा असेल तर तो 20 किलोच्या आसपास येतो. बिल किलोवर लागत असेल तर प्रश्न पैशाचा नाही, ताकदीचा आहे. पातळ पाइपची भोकं महिनाभरात लांबट होतात.

तुळईसाठी सागवान किंवा बाभूळ. चार फुटी सागवानी तुळई 12-13 किलोची, बाभळीची त्याहून जड. बाभूळ चिवट आहे, पण नीट वाळलेली मिळाली तरच. ओल्या बाभळीची तुळई परभणी-बीडच्या एप्रिल-मेमध्ये अशी पिळते की तिच्यावर ठेवलेली पट्टी दोन्ही टोकांना टेकत नाही. सागवान महाग पडतं, पण पिळत नाही. दोन्हींची टोकं आधी तडकतात, म्हणून कापलेल्या टोकांना जवसाचं तेल दोन-तीनदा पाजावं आणि मग रंग लावावा. वरच्या कडा रंध्याने अगदी थोड्या मोडाव्यात. हौसेने गोल करून ठेवल्या तर स्पाइक्सचा (तळाला पिना असलेल्या बुटाचा) पाय त्यावरून घसरतो.

तुळई बसवायचे बोल्ट खालून वर जाणारे आणि लाकडात आतच संपणारे हवेत. वरून बोल्ट घालून त्याचं डोकं तुळईवर ठेवलेला नमुना बाजारात दिसतो. तो सरळ परत करावा, कारण स्पाइकची पिन त्या डोक्यावर गेली की घोटा गेलाच.

पाय घसरू नये म्हणून साखर कारखान्याच्या भंगारातला कन्व्हेयर पट्टा वरून ठोकण्याची युक्ती चांगली आहे. पिनांनी लाकडाचा भुगा होत नाही आणि पकडही मिळते. फक्त पट्टा 10 मिमी जाड असेल तर उंची 772 होते, आणि नियमात सूट 3 मिमीचीच आहे. पट्टा लावायचा असेल तर भोकं तेवढी खाली पाडून घ्यावीत, किंवा तुळई वरून 10 मिमी रंधून घ्यावी. उंची मोजायची ती जमिनीपासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत.

पूर्ण बॅरियर 40 किलोच्या आसपास होतो. दोघी मुली तो उचलून नेतात, छोटा हत्ती टेम्पोत पाच सहज मावतात. पण 40 किलो हे स्पर्धेच्या निम्मं वजन आहे. पाय टेकताना बॅरियरला पुढे धक्का बसतो आणि त्याच पायाने रेटून निघताना मागे. म्हणून वजन एकाच बाजूला ठेवून भागत नाही. खताच्या रिकाम्या गोण्यांत 10-10 किलो वाळू भरून चारी टोकांवर एकेक ठेवली की 80 किलो होतात आणि बॅरियर जागचा हलत नाही. काळ्या मातीच्या मैदानावर पावसाळ्यात बॅरियरचे पाय रुततात आणि उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी होते. पायांखाली फरशीचे तुकडे टाकावेत. मुरमाच्या ट्रॅकवर ही अडचण येत नाही.

किती घ्यावेत? फेरीत पाच अडथळे असतात, त्यातला चौथा पाण्याचा. पूर्ण शर्यतीत 28 बॅरियर आणि 7 पाण्याच्या उड्या. 400 मीटरची फेरी आखता येत असेल तर पाच घ्या आणि फक्कीने सुमारे 79-80 मीटरवर खुणा मारा. भारताच्या पारुल चौधरीने 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत 9:15.31 ची वेळ दिली आणि 2025 मध्ये गुमीच्या आशियाई स्पर्धेत 9:12.46. तिथपर्यंत पोचायचं म्हणजे 400 मीटरला 74 सेकंद, म्हणजे दर 14-15 सेकंदांना एक अडथळा अंगावर येतो. एका अडथळ्यावर 0.3 सेकंद वाचले तर 35 अडथळ्यांत साडेदहा सेकंद होतात. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता 9:23.00 होती, 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेची 9:18.00. निव्वळ धावण्याच्या दमावर पाच सेकंद कमी करायला वर्ष जातं. तेच अडथळ्यांवर काढायचे असतील तर भक्कम बॅरियर लागतो, आणि तो डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी मारता आला पाहिजे. घोळक्यात पावलं मोजून येता येत नाही. जो पाय येईल त्याने जावं लागतं.

पाण्याच्या उडीसाठी हाच बॅरियर लांब उडीच्या खड्ड्याच्या काठावर ठेवता येतो, आणि इथे तो पैसे वसूल करून देतो. खऱ्या खड्ड्याची लांबी बॅरियरसह 3.66 मीटर. बॅरियरलगत तो सुमारे अर्धा मीटर खोल, पुढे चढत जाऊन ट्रॅकच्या पातळीला मिळतो. वाळूत 3.66 मीटरवर दोरी टाकायची आणि तिच्या अलीकडे फूट-दीड फुटात एक पाय पडेल अशी उडी बसवायची. दोरीपलीकडे कोरड्यात जाण्याचा हट्ट नको, त्यात वेळही जातो आणि गुडघाही. तुळईवर पायाचा मधला भाग टेकतो, पंजा पुढच्या कडेवरून खाली वळतो, शरीर वर न उठता पुढे जातं. खड्ड्यावर बॅरियर गोण्यांवर सोडू नये. ऑर्डर देतानाच पायांना कड्या वेल्ड करून घ्याव्यात आणि त्यातून 16 मिमी गजाच्या दोन फुटी खुंट्या ठोकाव्यात. कडक मुरमात आधी पहारेने भोक पाडावं लागतं.

मैदानावर जागा असेल तर हा खड्डा फेरीच्या बाजूला वळण घेऊन जावं लागेल असाच ठेवा. 2017 च्या लंडन जागतिक स्पर्धेत केनियाची बिएट्रिस चेपकोएच पाण्याच्या उडीचं वळण चुकून पुढे गेली, परत फिरली आणि चौथी आली. पुढच्याच वर्षी मोनाकोत 8:44.32 चा जागतिक विक्रम तिने केला. विक्रमवीरसुद्धा वळण चुकते.

बुटांबद्दल एवढंच: सिंथेटिकवर 9 मिमीपेक्षा लांब पिन चालत नाही आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून तळ 20 मिमीपेक्षा जाड चालत नाही. सुईसारख्या पिना तुळई लवकर कुरतडतात. बॅरियरच्या दिवशी पिरॅमिड पिना लावाव्यात.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. त्याने 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत 8:09.91 ची वेळ दिल्यापासून स्टीपलचेस म्हणजे काय हे इथल्या गावांत समजावून सांगावं लागत नाही. मुली मात्र अजून मुलांच्याच 914 वर शिकताना दिसतात. या बॅरियरची पिन काढून तो खाली घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

आमचं मत: पट्टी-बोल्ट, त्रिकोणी प्लेटा आणि कड्या या तीन दुरुस्त्यांसह पाचापैकी चार. वर्कशॉपवाला आपल्या मनाने जसा बनवतो तसाच घेतला तर दोन. एक गुण कायमचा जातो तो वजनासाठी, कारण रोज सकाळी वीस गोण्या उचलायच्या आणि रोज संध्याकाळी त्या परत आत ठेवायच्या.