दाविंची रिझॉल्व्ह वर्गात वापरताना: सिद्धांतापासून संकलनापर्यंत

जूनपासून आमच्या मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरतो आहोत. मी संज्ञापन सिद्धांत, माध्यम कायदे आणि संकलनाची तोंडओळख शिकवते. संकलनाच्या तासाला सॉफ्टवेअर लागणारच. पण मला ते सिद्धांताच्या तासाला जास्त कामी आलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हच्या गाजलेल्या प्रयोगापासून केली. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला जोडून कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी एक स्त्री. प्रेक्षकांना मात्र दर वेळी वेगळा भाव दिसला. हे सगळे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. आम्ही वर्गातल्याच एका मुलाचा चेहरा फोनवर घेतला. मग वरणभाताचं ताट, हार घातलेला फोटो आणि पाळण्यातलं बाळ. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, चेहऱ्याची तीच क्लिप तीनदा टाकली आणि शेजारच्या वर्गाला दाखवली. फोटोनंतर त्याचे डोळे पाणावले होते, असं एका मुलीने ठामपणे सांगितलं. तिला तिन्ही क्लिप एकाखाली एक लावून दाखवल्या, तेव्हा ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. पुढे आम्ही चेहऱ्याचा शॉट काही फ्रेम्सनी छाटत गेलो. एका टप्प्यानंतर परिणामच जातो, कारण भाव वाचायला प्रेक्षकाला वेळ उरत नाही. हे मला कुठल्याच नोट्समधून शिकवता आलं नसतं.

गेटकीपिंगचंही, म्हणजे कुठली बातमी पुढे जाऊ द्यायची हे ठरवण्याचंही, तसंच. डेव्हिड मॅनिंग व्हाइटचा १९५० चा अभ्यास एका वृत्तपत्राच्या संपादकाबद्दल होता: तारेवरून आलेल्या बातम्यांपैकी तो कुठल्या घेतो, कुठल्या टाकतो आणि का. आम्ही एका भाजीवाल्या मावशींची लांब मुलाखत घेतली आणि प्रत्येक गटाला त्यातून दीड मिनिटाची बातमी कापायला दिली. एका गटाच्या मावशी पालिकेवर चिडलेल्या, दुसऱ्यांच्या कष्टाळू आणि समाधानी. खोटं कोणीच काही घातलं नव्हतं. मग टाकून दिलेले तुकडे एका वेगळ्या टाइमलाइनवर जोडून पाहिले आणि खरी चर्चा तिथे झाली. त्याच तासाला स्टुअर्ट हॉलचं एन्कोडिंग-डीकोडिंग घेतलं: सांगणारा एक अर्थ भरतो, प्रेक्षक तो आपल्या परीने उलगडतो. बातमी प्रेक्षक मान्य करेल, थोडी वळवून घेईल की धुडकावून लावेल, हे मुलंच एकमेकांच्या बातम्यांवर बोलू लागली.

कायद्याच्या भागात याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा, १९७० चा चित्रपटकार के. ए. अब्बास यांचा खटला आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली चित्रपटांची प्रदर्शनाआधीची तपासणी, २०२३ च्या दुरुस्तीतून आलेले यूए ७+, १३+ आणि १६+ हे वयोगट. इतकं फळ्यावर झालं. मग भांडणाच्या एका प्रसंगाची टाइमलाइन डुप्लिकेट करून प्रत्येक वयोगटासाठी वेगळी प्रत करायला सांगितली. ७+ साठी मुलांनी थप्पड काढली आणि फक्त बघणाऱ्या लहान बहिणीचा चेहरा ठेवला. प्रसंग आधीपेक्षा भयानक झाला. कट सुचवणाऱ्यालाही संकलन कळायला हवं, हे मी आता प्रत्येक बॅचला सांगणार आहे. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार वर्गवारी प्लॅटफॉर्मच करतो, तेव्हा हा प्रश्न तिथेही येतोच.

निव्वळ संकलनाबद्दल थोडक्यात. ट्रिम मोडमध्ये ऑल्ट दाबून फक्त चित्राचा कट धरायचा आणि उजवीकडे ओढायचा: पुढच्या माणसाचा आवाज आधी येतो, चेहरा मागून. हा जे-कट. डावीकडे ओढला की उलट, चेहरा आधी बदलतो आणि आधीच्याचा आवाज रेंगाळतो: हा एल-कट. संवादाचा प्रसंग त्या एका हालचालीने सैल होतो, श्वास घेऊ लागतो. १८० अंशांचा नियम, म्हणजे बोलणाऱ्या दोघांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, हे शिकवायला इन्स्पेक्टर या पॅनेलमधलं फ्लिपचं बटण पुरतं. एक शॉट उलटा केला की समोरासमोर बोलणारे दोघे एकाच दिशेला बघू लागतात.

आता अडचणी. मशीन दणकट लागतं. १६ जीबी रॅमखाली जाऊ नका. आमच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, केल्याशिवाय हलत नाही. प्रोजेक्टचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, आधीच ठरवा, कारण टाइमलाइनवर काम सुरू झालं की त्या प्रोजेक्टचा दर बदलता येत नाही. आपोआप तो २४ असतो आणि फोन बहुधा ३० वर शूट करतात. रंग सुधारायचं कलर पेज पहिल्या सत्रात उघडू देऊ नका. मुलं तिथल्या चकचकाटात हरवतात आणि कट कच्चेच राहतात. माझं हे मत कडक आहे, पण बॅच बघून पक्कं झालेलं.

फुकट आवृत्तीत ३८४० बाय २१६० पर्यंत एक्सपोर्ट मिळतो, वॉटरमार्क येत नाही. चित्रातला दाणेदारपणा घालवणारं नॉइज रिडक्शन विकत घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. पहिल्या वर्षाला त्याची गरज नाही; ते पैसे आधी एका चांगल्या कॉलर माइकवर घाला, कारण मुलांच्या कामात चित्रापेक्षा आवाजच जास्त बिघडलेला असतो.