समुद्र न दिसणारे घर : आंजर्ल्यातील एका घरगुती निवासाविषयी

दापोली तालुक्यातील आंजर्ले गावी, समुद्रापासून दहा मिनिटे चालत जावे एवढ्या अंतरावर, सुपारीच्या वाडीत दडलेल्या एका घरगुती निवासात आमच्या चित्रपटाचे युनिट यंदा दोन टप्प्यांत मिळून १९ दिवस राहिले आणि त्याच घरात आम्ही चित्रीकरणही केले. हवापालटासाठी येणाऱ्या कुटुंबाला या परीक्षणाचा फारसा उपयोग व्हायचा नाही, कारण त्याच्या दृष्टीने या घरात उणिवाच अधिक आहेत : समुद्र दिसत नाही, खोल्यांत एसी नाही, न्हाणीघर मागच्या अंगाला आहे आणि मोबाइलची रेंज पुढच्या पडवीच्या एकाच कोपऱ्यात मिळते. मी लिहितो आहे ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्याकडे सेट उभारण्याइतके पैसे नसतात आणि असते तरी ज्यांनी तो उभारला नसता.

कोकणात चित्रीकरणासाठी घर शोधू लागले की मध्यस्थ आधी नेतो तो समुद्रासमोरच्या, नव्याने रंगवलेल्या, दारात बैलगाडीचे चाक टेकवून ठेवलेल्या वास्तूत. तिथे कॅमेरा लावला की पात्रेही दोन रात्रींच्या पाहुण्यांसारखी वागू लागतात. आंजर्ल्याच्या या घरात काका आणि काकू बारमाही राहतात, आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या सोडल्या तर उरलेले घर त्यांच्या वावराने जसे झाले आहे तसेच आहे. माजघराच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन हात उंचीवर, एक तेलकट काळपट डाग आहे. काका रोज जेवणानंतर तिथे डोके टेकून बसतात. आमच्या कलादिग्दर्शिकेने पहिल्या दिवशी तो डाग पाहिला आणि मुंबईहून आणलेल्या सामानाच्या दोन पेट्या उघडल्याच नाहीत. तेवढ्याने टेम्पोचे परतीचे भाडे मात्र वाचले नाही.

प्रकाशाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आमच्याकडे दिवे म्हणून होते ते दोन लहान एलईडी पॅनेल. वाडीच्या दाटीमुळे सकाळी साडेआठपर्यंत अंगणात थेट ऊन येत नाही आणि तोवर मऊ, जवळजवळ सावलीविरहित उजेड मिळतो. त्यानंतर मात्र मागच्या बाजूला उन्हाचे कवडसे असे पडतात की चेहऱ्याचा अर्धा भाग जळतो आणि अर्धा काळा होतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात या वाडीतली बरीच झाडे आडवी झाली, त्या मोकळ्या जागांतून हे ऊन उतरते. आमच्या छायालेखकाला ते कवडसे फार आवडले. काकू त्याच जागेकडे बोट दाखवून कोणत्या ओळीत किती पोफळी होत्या ते सांगत होत्या, तेव्हा तो गप्प झाला. दुपारच्या दृश्यांसाठी आम्ही अंगणावर काकांची तीन धुवट धोतरे ताणून बांधली. ही युक्ती आमची नव्हे. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६च्या ‘अपराजितो’साठी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घराच्या चौकावर पांढरे कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परतवला होता, तो आकाशातून झिरपल्यासारखा दिसावा म्हणून. त्यांना स्टुडिओत आकाश निर्माण करायचे होते, आम्हाला डोक्यावरचे खरे आकाश थोडे मवाळ करायचे होते. एवढी सावधगिरी बाळगावी की उघड्या जांभ्याच्या भिंतीलगत पात्र उभे केले तर चिऱ्यांची तांबूस झाक गालावर येते आणि ती नंतर काढत बसावी लागते.

ध्वनीच्या बाबतीत हे घर मला भेटलेल्या सर्व घरांत उत्तम आहे. जमीन शेणाने सारवलेली, वर कौले, त्याखाली तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत, नाही. त्यामुळे फरशीच्या खोलीत बोलताना येतो तसा घुमारा येत नाही आणि अनवाणी पाऊल जसे वाजायला हवे तसेच, म्हणजे जवळजवळ नाहीच, वाजते. समुद्राची गाज रात्री ऐकू येते, पण ती सलग असल्याने संकलनात त्रास देत नाही. त्रास देतो तो फ्रिज आणि वाडीला पाणी सोडणारा पंप. काकूंनी पंप पहाटे ५ वाजता चालवून आमची सोय केली. शेजारच्या वाडीतला पंप त्यांच्या हातात नव्हता. फ्रिज प्रत्येक टेकच्या, म्हणजे कॅमेरा चालू असण्याच्या, वेळी बंद करावा लागतो आणि तो पुन्हा सुरू करायचे विसरले तर घरच्यांचे दूध नासते, म्हणून आमचा ध्वनिमुद्रक गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवत असे. एकदाच तो गाडीविना निघाला, आणि त्या दिवशी दूध फाटले.

वीज हा खरा दोष. संध्याकाळी सात ते नऊ व्होल्टेज इतके उतरते की फिरत्या पंख्याची पाती मोजता येतात. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या १/५० वर ठेवले की एरवी दिव्यांची फडफड टळते. परंतु उतरलेल्या व्होल्टेजवर घरातले स्वस्त एलईडी बल्ब कोणत्याही शटरला दाद देत नाहीत. आम्ही दापोलीतून जुने तारेचे बल्ब आणून लावले. ते मंद आणि पिवळे होतात, पण फडफडत नाहीत, आणि त्या घरात तोच उजेड खरा वाटला.

जेवण शाकाहारी, आणि चांगले. कुळथाचे पिठले दर दोन दिवसांनी येते, त्याची मला तक्रार नाही; युनिटमधील काहींना होती आणि ते हर्णैच्या बाजूला जाऊन मासे खाऊन येत.

स्वस्त चित्रपट म्हणजे सगळ्यांकडून फुकट घेणे, असा समज आमच्या व्यवसायात फार रुजला आहे. राहण्या-जेवणाचे माणशी दिवसाला ९०० रुपये घेऊन काकू घर वापरू द्यायला तयार होत्या; ते आम्हीच योग्य मानले नाही आणि घराचे दिवसाला १,५०० रुपये वेगळे दिले. शेजारच्या दोघींनी आणि त्यांच्या दिराने छोट्या भूमिका केल्या, त्यांनाही मजुरीच्या हिशेबाने दिले. पैसे दिले की वेळेचा हक्क सांगता येतो, फुकट आलेल्या माणसाला थांबा म्हणता येत नाही. शिमग्यात मात्र पैसे देऊनही उपयोग नाही. पालखी घरोघरी फिरू लागली की ढोलांपुढे माइकचे काही चालत नाही आणि गावातला एकही पुरुष जागेवर सापडत नाही. काकूंनी हे आम्हाला पहिल्याच फोनवर सांगितले होते, आम्ही ऐकले नाही आणि चार दिवस वाया घालवले.

दुसऱ्या टप्प्याला आम्ही दीड महिन्याने परतलो, तेव्हा पुढची पडवी पिस्ता रंगाने रंगवलेली होती. शूटिंगवाले परत येणार म्हणून काकांनी स्वतःच्या खर्चाने, कौतुकाने, रंगारी बोलावला होता. अर्धे दृश्य जुन्या चुन्याच्या भिंतीसमोर झालेले, उरलेले अर्धे बाकी. चूक आमची होती. आम्ही त्यांना चित्रपटाची गोष्ट सांगितली होती, पण सलगता म्हणजे काय, एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांत जागा तशीच का दिसावी लागते, हे सांगितले नव्हते. पुन्हा चुना मारायचा विचार संध्याकाळपर्यंत टिकला. मग पटकथेत बदल केला : वाडीतला हिस्सा मागायला मुंबईहून येणारा भाऊ आता दुसऱ्या भेटीत येतो तेव्हा बहिणीने पडवी रंगवून घेतलेली असते, आणि त्या रंगाकडे पाहून तो काहीच बोलत नाही. चित्रपटातले माझे आवडते दृश्य आता तेच आहे, पण हे सांगून मी कुणाला बेसावध राहण्याचा सल्ला देत नाही. पहिल्या दिवशीच घराचे सर्व बाजूंनी फोटो काढून त्यांचा एक संच घरमालकांकडे ठेवावा आणि कशाला हात लावायचा नाही ते नीट समजावून सांगावे.

काका-काकूंना आता मागची पडवीही फरशीची करून घ्यायची आहे. सारवण काकूंच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि त्यांना नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पुढच्या चित्रपटासाठी आम्ही निम्मे पैसे आगाऊ दिले आहेत, फरशीचे काम डिसेंबरपर्यंत लांबवायला काकू तयार झाल्या आहेत आणि तोवर सारवायला येणाऱ्या बाईंची मजुरी आमच्या अंदाजपत्रकात धरली आहे.