खरेदी शाखेने आपले काम आकड्यांत कसे मांडावे : नागपुरातील दोन दिवसांच्या कार्यशाळेविषयी

शासकीय व निमशासकीय कार्यालयांतील खरेदी शाखेच्या कामाचे मोजमाप या विषयावर एका खासगी प्रशिक्षण संस्थेने सीताबर्डीजवळच्या सभागृहात घेतलेल्या कार्यशाळेला आमच्या संस्थेने मला पाठवले होते. शुल्क ७,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी ८,८५० रुपये. भांडार आणि खरेदीच्या टेबलावर अनेक वर्षे काढलेल्या माणसाला हे पैसे वसूल झाले असे वाटले का, एवढेच येथे लिहितो.

पहिल्या दिवसाची सकाळ वाया गेली. वक्त्यांनी केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ वर दोन तास घालवले. नियम १४९ नुसार जेम या केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरची खरेदी कशी बंधनकारक आहे, हे ऐकवले; पण सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळी राज्य शासनाच्या कार्यालयांतली होती आणि त्यांचे रोजचे काम उद्योग विभागाच्या खरेदीविषयक १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयावर चालते. त्या निर्णयाचा उल्लेख चहाच्या सुट्टीत एका सहभागी बाईंनी केला, तेव्हा कुठे व्यासपीठावरून झाला. समोर कोण बसणार आहे, याची विचारणा नोंदणीच्या वेळीच करता आली असती.

दुपारनंतर मात्र दुसऱ्या प्रशिक्षकांनी सूत्रे घेतली आणि कार्यशाळेला अर्थ आला. त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या कार्यालयातील एक बंद झालेली नस्ती, म्हणजे फाइल, आठवून आकडे मांडायला सांगितले. मी ४० डेझर्ट कूलरची नस्ती घेतली. अंदाजित दर नगामागे १४,००० रुपये होता आणि निविदेत न्यूनतम दर ११,२०० रुपये आला. आमच्या वार्षिक अहवालात त्यावर '१,१२,००० रुपयांची बचत, २० टक्के' असे लिहिले होते, आणि ते वाक्य मीच लिहिले होते. प्रशिक्षकांनी मागच्या वर्षीचा दर विचारला. तो १०,९०० रुपये होता. त्या हिशेबाने आम्ही १२,००० रुपये जास्त मोजले होते. मग त्यांनी दरवाढ समजा ४ टक्के धरायला सांगितली. मागचा दर ११,३३६ रुपयांवर गेला आणि बचत उरली ५,४४० रुपये. नस्ती एकच आणि उत्तरे तीन. अंदाजपत्रक आपणच फुगवायचे आणि मग त्यातून निविदेचा दर वजा करून पाठ थोपटून घ्यायची, ही पद्धत लेखापरीक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळते, असे ते म्हणाले तेव्हा मला जरा खाली पाहावे लागले. आधारदर कोणता धरला, हे बचतीच्या आकड्याशेजारी त्याच ओळीत लिहावे, एवढी एक सवय लागली तरी शुल्काचा मोठा भाग वसूल होतो.

त्याच नस्तीचा दुसरा हिशेब दिवसांचा होता आणि तो मला अधिक मोलाचा वाटला. मागणीपत्र ३ फेब्रुवारीचे, माल आला ९ जूनला, म्हणजे १२६ दिवस. नवतपा उलटून गेलेला आणि मृग लागलेला; नागपुरात त्यानंतर कूलरचे काय करायचे, हे सांगायला नको. हे दिवस टेबलनिहाय तोडल्यावर तांत्रिक तपशील नक्की करण्यात ३७, मंजुऱ्यांत ३४, निविदा प्रसिद्धीत २१, छाननी व पुरवठा आदेशात ९ आणि पुरवठ्यात २५ दिवस गेल्याचे निघाले. उशीर झाला की बोट खरेदी शाखेकडे दाखवले जाते, पण आमच्या एकट्याच्या हातातले दिवस होते ९. ही गोष्ट साहेबांना तोंडी शंभरदा सांगून जे साधले नाही, ते असा एक तक्ता टिपणीला जोडल्याने साधू शकेल.

देयकांविषयीचे सत्रही कामाचे होते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते, ही २००६ च्या कायद्यातील तरतूद बहुतेकांना माहीत होती. परंतु पैसे उशिरा मिळतात हे हिंगणा एमआयडीसीतल्या पुरवठादाराला ठाऊक असेल, तर तो ती झळ आधीच दरात मिळवून ठेवतो, त्यामुळे देयकाचे दिवस हेही खरेदीच्या किमतीचेच मोजमाप आहे, हा धागा माझ्या तरी लक्षात आला नव्हता. प्रत्येक निविदेला किती पात्र बोलीदार आले, किती वेळा शुद्धिपत्रक काढावे लागले आणि पुरवलेल्या वस्तूंची दुरुस्ती हमीच्या काळात किती झाली, हे आकडे आपल्याच नोंदवह्यांत पडून असतात. ते गोळा करायला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

असे असूनही दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचे दीड तास सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकालाच गेले. पडद्यावर रंगीत आलेख फिरत होते, पण आलेखातली बचत पुन्हा अंदाजित दरातूनच वजा केलेली होती; आदल्या दिवशी जे खोडले, तेच विकायला ठेवलेले. एकाने तसे विचारलेही, त्यावर 'ते बदलता येईल' असे उत्तर मिळाले.

गुणवत्तेच्या मोजमापाला फार थोडा वेळ मिळाला. कूलरचा पंप दुसऱ्या उन्हाळ्यात जळाला, तर न्यूनतम दराचा हिशेब कसा बदलतो, हे सोडवायला घेतले आणि वेळ संपली. पुस्तिका पूर्ण इंग्रजीत होती. मराठी तक्ते ई-मेलने पाठवण्याचे आश्वासन मिळाले होते. तीन आठवड्यांनी फक्त दिवसांचा तक्ता आला, तो मात्र नीट भाषांतरित आणि लगेच वापरता येईल असा आहे.

आमच्या भांडारपालांना पुढच्या तुकडीत पाठवावे, अशी टिपणी मी सादर केली आहे. पहिल्या सकाळी न गेले तरी चालेल, असे त्यांना सांगितले आहे, आणि स्वतःच्या दोन नस्त्यांचे आकडे वहीत उतरवून न्यायलाही.