दोन हिवाळे, एक घाट: कमी कार्बवर पळावं की भाकरीवर?

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये नवीन आलेला माणूस महिनाभरात हा प्रश्न विचारतोच. हाफ मॅरेथॉन झालेली असते, आता फुल करायची असते. वय चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं, त्यामुळे हृदयाची काळजीही मनात असते. मग कीटोवाले (भात-भाकर-साखरेतली कर्बोदकं, म्हणजे कार्ब, जवळजवळ बंद करणारे) एकीकडे ओढतात आणि भाकरीवाले दुसरीकडे.

मी दोन्हीकडे राहून आलोय. एका हिवाळ्यात, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, भात, भाकर, गूळ, फळं सगळं बंद केलं. अंडी, पनीर, मटण, तूप आणि मोजके शेंगदाणे यांवर पळलो. पुढच्या हिवाळ्यात परत मालदांडी ज्वारीच्या भाकरीवर आलो. रस्ता दोन्ही वर्षी तोच. छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढायचा आणि खुलताबादला भद्रा मारुतीपर्यंत जायचं. साधारण 25 किलोमीटर. श्रावणी शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो माणसं हेच अंतर चालत जातात, म्हणून आम्हा पळणाऱ्यांनाही तो रस्ता आपला वाटतो.

आधी कमी कार्बबद्दल चांगलं ते सांगतो, कारण त्यात चांगलं बरंच आहे. पहिले तीन आठवडे वाईट गेले. डोकं जड, पाय रिकामे. शरीर या काळात पाणी आणि मीठ भराभर सोडतं, म्हणून मीठ वाढवावं लागलं. त्यानंतर मात्र भूक इतकी शांत झाली की सकाळी उपाशीपोटी वीस किलोमीटर पळूनही हात थरथरले नाहीत. बाटलीत नुसतं मीठ-पाणी पुरायचं. अमेरिकेतले संशोधक जेफ व्होलेक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये लांब पल्ल्याच्या 20 धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्याशी हे जुळतं. सरासरी वीस महिने कमी कार्बवर असलेले धावपटू मिनिटाला दीड ग्रॅमपर्यंत चरबी जाळत होते, तर कार्ब खाणारे जेमतेम 0.67 ग्रॅम. सपाट रस्त्यावर, एका लयीत, तासन्‌तास जायचं असेल तर हा चरबीचा साठा संपता संपत नाही.

माझं घोडं अडलं ते घाटात.

माझा पळण्यातला जोडीदार बोलका आहे. सोयाबीनचा भाव, जायकवाडीतलं पाणी, पोरीची बारावी, असं सगळं त्याचं रस्त्यावरच चालतं. मी घड्याळातले आकडे फारसे बघत नाही. घाटात त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतं की नाही, हेच माझं माप. तुपाच्या हिवाळ्यात किल्ल्यापर्यंत आम्ही छान बोलत जायचो. चढ लागला की माझ्याकडून फक्त "हं" निघायचं. पाय दुखत नव्हते, चक्कर नव्हती, भूकही नव्हती. वेग थोडा वाढवावा म्हटलं की आतून काही मिळतच नव्हतं. चौथ्या-पाचव्या रविवारी तो थांबून म्हणाला, "काय रे, बोलंना झालास?" मला वाटलं सवय होईल. फेब्रुवारी संपला तरी झाली नाही. प्रत्येक रविवारी तोच घाट, त्याच वळणापासून तीच तक्रार.

कारण शोधत गेलो तर ते साध्या हिशेबात सापडलं. एक लिटर ऑक्सिजन वापरून कार्ब जाळले तर सुमारे 5 किलोकॅलरी हाती लागतात, चरबी जाळली तर 4.7च्या आसपास. सपाटीवर श्वास शिल्लक असतो, म्हणून हा फरक जाणवत नाही. चढावर ऑक्सिजनच अपुरा पडतो आणि तिथे प्रत्येक घोटाचा हिशेब लागतो. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटाने जागतिक दर्जाच्या चालण्याच्या स्पर्धकांवर नेमकं हेच पाहिलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सगळ्यांनी तीन आठवडे कसून सराव केला. भरपूर कार्ब खाणाऱ्यांचा 10 किलोमीटरचा वेळ सरासरी 6.6 टक्क्यांनी सुधारला. कमी कार्बवाल्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुधारली, पण वेळ सुधारला नाही, कारण त्याच वेगाला त्यांना जास्त ऑक्सिजन लागत होता. त्याआधी 1967 मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी स्नायूचे तुकडे काढून तपासले होते. तीन दिवस कमी कार्ब खाल्लेली माणसं सायकलवर साधारण तासाभरात थकली, भरपूर खाल्लेली पावणेतीन तास टिकली.

कीटोवाले मित्र म्हणतात की तीन आठवडे किंवा तीन दिवस हा काळ फार थोडा आहे. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण मी साडेचार महिने दिले आणि घाट हलला नाही. कुणाचं शरीर वेगळं असू शकतं, हेही मी मान्य करतो.

आता हृदयाकडे. कमी कार्बच्या काळात माझे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरले आणि चांगलं कोलेस्टेरॉल थोडं चढलं, तेव्हा मी खूश होतो. त्याच रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र आयुष्यात पहिल्यांदा लाल शाईत छापून आलं. सडपातळ, भरपूर व्यायाम करणाऱ्या काही लोकांमध्ये कमी कार्बवर एलडीएल असं उसळतं, हे नोंदलं गेलेलं आहे. भाकरीवर परतल्यावर माझं चार महिन्यांत पूर्वपदावर आलं. आपल्या बाबतीत हे हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. बावन्न देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी 53व्या वर्षी आल्याचं दिसलं, इतर देशांत 59च्या सुमारास. पळणाऱ्याला सूट मिळते हे खरं. लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्येच दाखवलं होतं. पण त्या सवलतीवर रोज वाटीभर तूप रिचवावं का, याबद्दल मी साशंक आहे.

भाकरीची बाजूही निर्दोष नाही. आदल्या संध्याकाळी दोन भाकरी, येसराची आमटी आणि थोडा भात खाल्ला तर सकाळी छान जातं. सकाळी खाल्लं तर पोटात दगड राहतो. पळताना साखर घेण्याची सवय आतड्याला लावावी लागते. नुसतं ग्लुकोज तासाला साठेक ग्रॅमपर्यंतच शोषलं जातं. फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने जातं, म्हणून दोन्ही मिळून 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. आपल्या साध्या साखरेत आणि गुळात दोन्ही असतात, त्यामुळे महागड्या जेलची मला तरी गरज वाटली नाही. लिटरभर पाणी, 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू. सुरुवातीला यातलं तासाला निम्मंच प्या. पहिल्याच रविवारी सगळी बाटली संपवली तर पोट बिघडतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात पळत असाल तर मीठ थोडं वाढवा, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून.

मोठा धोका पळण्याच्या बाहेर आहे. सत्तरहून अधिक मॅरेथॉन आणि त्याहून लांब शर्यती पळलेले दक्षिण आफ्रिकेचे शास्त्रज्ञ टिम नोक्स यांना मधुमेह झाला, आणि आयुष्यभर कार्बचा पुरस्कार केलेला हा माणूस 2010 नंतर विरुद्ध बाजूला गेला. त्यांच्या घरात मधुमेह होता. तुमच्याही घरात असेल, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) वर सरकत असेल आणि घड्याळाशी स्पर्धा नसेल, तर कमी कार्ब तुमच्यासाठी जास्त शहाणपणाचं ठरू शकतं. तिथे मी माझं मत पुढे रेटणार नाही. फक्त गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दर तीन महिन्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड) तपासा आणि तूप थोडं कमी करून शेंगदाणे, जवस, मासे वाढवता येतात का ते बघा.

ज्यांची साखर ठीक आहे, ज्यांना चढ असलेली शर्यत करायची आहे किंवा शेवटच्या पाच किलोमीटरला जोर लावायचा आहे, त्यांना मी भाकरीकडे वळा म्हणेन. विश्रांतीच्या दिवशी एकच खा, लांब पळण्याच्या आदल्या दिवशी तीन खा. सोबत डाळ, पालेभाजी, कारळाची चटणी. साखरेची बाटली फक्त दीड तासाच्या पुढच्या धावेसाठी. घरी सोफ्यावर बसून ती पिऊ नका.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या एका रविवारी, घाटाच्या त्याच वळणावर जोडीदाराने पोरीच्या सराव परीक्षेचे मार्क सांगितले. मी विषयवार विचारत गेलो. खुलताबादची पहिली घरं दिसली तेव्हा आम्ही गणितापर्यंत आलो होतो.