उंची वाढवण्याचं पॅकेज: पैसे मॅग्नेटिक नेलचे, पायात साधा रॉड

उंची वाढवायला हाड कापून रोज थोडं थोडं ताणण्याचं ऑपरेशन करून घेतलेल्या एका तरुणाचा एक्स-रे समोर धरला, तेव्हा प्रकार उघड झाला. दोन्ही मांड्यांच्या हाडांत वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची पोकळ नळी. फ्रॅक्चरला घालतात तोच साधा इंटरलॉकिंग नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीत घालून टोकांना स्क्रूने पक्का करायचा रॉड. मॅग्नेटिक नेल, म्हणजे बाहेरून चुंबकाने चालवून आतल्या आत लांबवायचा रॉड, एक्स-रेत लपून राहत नाही: जाड नळी, तिच्यातून सरकत बाहेर येणारी बारीक सळई आणि आतला लोहचुंबक स्पष्ट दिसतो. या तरुणाकडून पैसे मॅग्नेटिकचे घेतले होते, तेही आगाऊ आणि पूर्ण. शुद्धीवर आल्यावर मांड्यांना बाहेरून फिक्सेटर (हाडात पिना घालून बसवलेली चौकट) दिसले, म्हणून त्याने विचारलं. ‘तो फक्त आधाराला आहे,’ असं सांगून बोळवण केली. बिलावर एकच ओळ होती: ‘इम्प्लांट, 2 नग’. कंपनीचं नाव, लॉट नंबर, स्टिकर, काहीच नाही.

बाहेरून फिक्सेटर आणि आत साधा नेल ही पद्धत मुळात खोटी नाही. स्वस्त पडते म्हणून ती अनेक ठिकाणी वापरतात. खोटं हे, की ती दुसऱ्याच नावाने आणि दुसऱ्याच किमतीला विकली. तिचे धोकेही वेगळे आहेत. यात हाड ताणतो तो फिक्सेटर. नेल नुसती दिशा धरतो आणि तोवर त्याच्या एकाच टोकाला स्क्रू असतात. ताणणं संपलं की दुसऱ्या टोकाला स्क्रू घालायला पुन्हा ऑपरेशन लागतं, त्याशिवाय फिक्सेटर काढता येत नाही. हे दुसरं ऑपरेशन पॅकेजमध्ये नव्हतं. शिवाय फिक्सेटरची पिन आतल्या नेलला टेकलेली असेल आणि पिनपाशी जंतुसंसर्ग झाला, तर तो नेलच्या कडेने हाडाच्या पोकळीभर पसरू शकतो. मग ड्रेसिंगने भागत नाही, बऱ्याचदा नेलच काढावा लागतो.

दुसरी फसवणूक वेळेची. ‘3 महिन्यांत 8 सेंमी’ हे वाक्य हिशेबात बसतं, म्हणूनच ते खपतं. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये हाडांचे सर्जन इलिझारोव्ह यांनी बसवलेला नियम आजही चालतो: हाड कापल्यावर साधारण 5 ते 7 दिवस थांबायचं, मग दिवसाला 1 मिमी, तेही 0.25 मिमीच्या 4 टप्प्यांत. 8 सेंमीला 80 दिवस. पण 80 व्या दिवशी त्या फटीत जे असतं ते हाड नसतं, कोवळा भराव असतो. तो पक्का व्हायला दर सेंटिमीटरमागे ढोबळमानाने महिना किंवा जास्त धरावा लागतो. म्हणजे 8 सेंमीसाठी आधाराशिवाय चालायला 8 महिने ते वर्ष. दोन्ही पाय एकदम केले असतील तर टेकायला चांगला पाय उरत नाही. वॉकर आणि व्हीलचेअर आलीच. वर रोजचा फिजिओ, दर 1-2 आठवड्यांनी एक्स-रे आणि पुढे नेल काढण्याचं ऑपरेशन. पॅकेज संपतं तिथे निम्मासुद्धा उपचार झालेला नसतो.

पॅकेजची मुदत संपत आली की वेग वाढवायचा मोह होतो, आणि बिघाड तिथेच होतो. हाड वेगाने ताणलं की भराव विरळ राहतो, मध्ये पोकळी पडते. फार हळू ताणलं तर हाड मध्येच जुळून बसतं आणि पुन्हा कापावं लागतं. नडगीचं हाड मांडीपेक्षा सावकाश भरतं, म्हणून तिथे अनेक सर्जन 0.75 मिमीवर येतात. आणि हाडापेक्षा स्नायू जास्त त्रास देतात. नडगी लांबवताना पोटरीचे स्नायू ताणाला पुरत नाहीत. गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनात येईनासं झालं, टाच टेकेनाशी झाली, की ताणणं कमी करायचं किंवा थांबवायचं. ‘होईल सवय’ म्हणून पुढे रेटलं तर शेवटी टाचेमागचा स्नायूबंध कापून लांबवावा लागतो. पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा आला, अंगठा वर उचलेना, तर नस (मज्जातंतू) ताणली जातेय. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

नडगीशेजारचं बारीक हाडही कापावं लागतं आणि दोन्ही टोकांना स्क्रूने नडगीशी बांधावं लागतं. घोट्याजवळचा स्क्रू वाचवला तर ते हाड मागे राहून वर ओढलं जातं आणि घोट्याचा सांधा बिघडतो. एक्स-रेत तो स्क्रू आहे का, एवढं तरी स्वतः पाहा.

‘ऑपरेशननंतर लगेच पूर्ण वजन टाकून चाला’ असं कोणी सांगितलं, तर नेलचं नाव आणि जाडी विचारा आणि त्या जाडीसाठी कंपनीने दिलेली वजनमर्यादा लेखी मागा. पूर्ण वजन पेलणारा म्हणून गाजलेला स्टेनलेस स्टीलचा प्रेसाइस स्ट्राइड हा मॅग्नेटिक नेल 2021 मध्ये बाजारातून मागे घेतला गेला. नेलचे दोन भाग जुळतात त्या जोडाशी गंज धरत होता आणि जवळच्या हाडात बदल दिसत होते. टायटॅनियमच्या नेहमीच्या प्रेसाइसला ताणण्याच्या काळात थोडंच वजन चालतं. नव्या हाडाच्या 4 पैकी 3 बाजू एक्स-रेत जुळलेल्या दिसेपर्यंत वजन वाढवू नये, नाहीतर नेल वाकतो किंवा तुटतो.

निव्वळ उंचीसाठीच्या या शस्त्रक्रियेवर चीनने 2006 मध्येच बंदी घातली. आपल्याकडे बंदी नाही. 2016 मध्ये हैदराबादला आईवडिलांना न कळवता एका तरुणाचं असं ऑपरेशन झालं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. घरच्यांपासून लपवून या ऑपरेशनला जाऊ नका. पुढचे कित्येक महिने संडासापर्यंत न्यायलाही माणूस लागतो.

‘विम्यासाठी फ्रॅक्चर दाखवू’ या आमिषाला तर मुळीच बळी पडू नका. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. कागदावर फ्रॅक्चर आलं की खोट्या दाव्यात तुम्हीही अडकता, आणि साधा नेल घातल्याची तक्रारही लुळी पडते, कारण फ्रॅक्चरला साधाच नेल घालतात.

पैसे भरण्याआधी संमतिपत्रात नेलची कंपनी, मॉडेल आणि जाडी लिहून घ्या. किती ऑपरेशनं धरली आहेत तेही लिहून घ्या. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर केस पेपरवर आणि बिलावर लागले पाहिजेत. फसवणूक झालीच असेल तर आधी पूर्ण केस पेपरची लेखी मागणी करून पोच घ्या. नियमाप्रमाणे 72 तासांत ते द्यावे लागतात. एक्स-रेच्या मूळ डिजिटल फाइल्स सीडीवर मागा, मोबाइलवर काढलेले फोटो पुरत नाहीत. डॉक्टरांविरुद्धची तक्रार राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे जाते, पैशांची भरपाई ग्राहक आयोगाकडे. तिथे मुदत 2 वर्षांची आहे आणि पायावर उभं राहण्यातच त्यातलं एक निघून जातं, म्हणून कागद आजच मागा.