बनियनच्या ऑपरेशननंतरचा बूट : आठ महिन्यांनी

काल कपाट आवरताना तो बूट हाती लागला आणि डोकं पुन्हा तापलं. 1,450 रुपये, आणि तेही एकाच पायाचे!

उजव्या पायाच्या बनियनचं, म्हणजे अंगठा शेजारच्या बोटाकडे कलून त्याच्या बुडाशी बाहेर आलेल्या हाडाच्या गाठीचं, ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. (रामबागेतल्या आमच्या काकू 'बनियनचं कसलं गं ऑपरेशन?' म्हणून खास विचारायला आल्या होत्या.) हाड कापून सरळ केलं, दोन स्क्रू बसवले, सहा आठवडे भार फक्त टाचेवर. बूट तुम्हाला माहीतच असेल : बोटं उघडी, टाचेखाली जाड, पुढचा भाग अधांतरी.

माझं भांडण त्या जाडीशी आहे. डाव्या पायात घरातली सपाट चप्पल, उजव्यात हा. दिवसभर एक पाय पायरीवर ठेवून स्वयंपाक करून बघा. आठवड्यात कंबर धरली. ऑपरेशन पायाचं आणि बाम कंबरेला! दुकानदार बोलला नाही, खोक्यावरही एक ओळ नाही.

तिसऱ्या आठवड्यात वेल्क्रोचा पट्टा उसवला. दुकानात फोन केला तर, "मैडम, पहना हुआ माल वापस नहीं होता।" अहो, बूट पायात नाही तर काय डोक्यावर घालायचा होता?

शेवटी ह्यांनी मला रिक्षाने राजवाड्याजवळच्या मोच्याकडे नेलं. त्याने 40 रुपयांत पट्टा शिवला. मग बूट उलटा करून टाचेला दोन बोटं लावली, माझ्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, कमर नहीं दुखती?" जुन्या डाव्या सँडलखाली रबराचे दोन थर चिकटवून दिले, 120 रुपये. दोन दिवसांत कंबर गप्प. तपासणीला डॉक्टरांना सँडल दाखवली, तर म्हणाले, "छान केलंत, उंची सारखीच हवी." मग आधी सांगायला काय झालं होतं? पण हे मी मनातच म्हटलं.

इथवर एकच स्टार देणार होते. पण सहा आठवड्यांच्या एक्स-रेत हाड जागच्या जागी जुळलेलं दिसलं, तेव्हा त्या ताठ तळव्याचं काम मान्य करावं लागलं. तीन स्टार. त्यातले दीड मोच्याचे.

बाकी त्रास बुटाच्या माथी मारत नाही. गणपतीत आरतीला अर्धा तास उभी राहिले तर रात्री सँडलचा पट्टा लागेना, इतकी सूज. ती वर्षभरही राहू शकते म्हणे. अंगठ्याच्या कडेला रुपयाएवढी जागा बधिर आहे, तिथली नस दुखावली असावी. आणि दुसऱ्या बोटाखाली चालताना खडा आल्यासारखं होतं. अंगठ्याने भार घ्यायचा कमी केला की तो शेजाऱ्यावर पडतो. त्यासाठी आता चपलेत गादी. ऑपरेशनआधी सही करताना जंतुसंसर्ग, गाठ परत येणं, सांधा आखडणं असं बरंच वाचून दाखवलं होतं. त्या मानाने मी स्वस्तात सुटले. त्याआधी सिलिकॉनचा तुकडा आणि रात्रीचा पट्टा यांवर 900 घालवले होते. घासणं थोडं थांबलं, अंगठा तसूभर सरकला नाही.

आता डावा अंगठाही तोंड फिरवू लागलाय. बूट टाकायलाच काढला होता, पण नीट पाहिलं तर तो दोन्ही पायांना चालतो. परत कपाटात ठेवला. उजव्या सँडलला तेवढे थर लावून घ्यायचे, 120 रुपये.